यशवंतपूरला उतरायचं

राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं बंगळुरूला जायचं म्हटलं की आमच्या भागातली माणसं गपगुमान शेवटच्या स्टेशनापर्यंत झोपून जातात. पण घरातलं कुणी इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सला लागलं असेल तर तेवढं लांब जायचं नाही, अलीकडं यशवंतपूरलाच उतरायचं. हे मनूनं, म्हणजे माझ्या भाचीनं, मला तीनदा सांगितलं होतं, तरी तुमकूर गेल्यापासून मी दोन बॅगा आणि एक बादली घेऊन दाराशी उभा. बादली ताईनं दिलेली. तिकडं बादल्या मिळत नाहीत का हो, पण आईच्या मनाला कोण समजावणार, आणि तिचा गुडघा धरलेला म्हणून पोचवायची ड्यूटी मामाकडं आलेली, त्यामुळं मी गप्प.

"मामा, तू बस की. अजून तासभर आहे."

"असू दे. बरं वाटतंय वारं."

स्टेशनाबाहेर रिक्षावाल्याला मी अगदी सावकाश, एकेक शब्द सुटा करून सांगितलं, इंडियन, इन्स्टिट्यूट, ऑफ, सायन्स. तो माझ्याकडं बघतच राहिला. परत सांगितलं. मग शेजारी फुलं विकणारी एक बाई गजरा ओवता ओवता, मान वर पण न करता, म्हणाली, "टाटा इन्स्टिट्यूट." झालं, रिक्षावाला लगेच "हत्ती" म्हणाला. हत्ती म्हणजे चढा, बसा. मनू हसायला लागली, कारण मी खरंच इकडंतिकडं बघितलं होतं.

तर ही पहिली गंमत. संस्थेच्या पाटीवर टाटा हे नाव नाही. जमशेटजींनी स्वतःच नको म्हणून सांगितलेलं. १८९३ साली जपानहून कॅनडाला जाणाऱ्या बोटीवर जमशेटजी आणि विवेकानंद भेटले, पाच वर्षांनी जमशेटजींनी आपल्या संशोधन संस्थेच्या कल्पनेबद्दल स्वामींना पत्र लिहिलं, ती गोष्ट सगळ्यांना पाठ असते. पण मला त्यापुढची जास्त आवडते, कारण ती नुसत्या कंटाळ्याची आणि चिकाटीची आहे. आपल्या मुंबईतल्या इमारती आणि जमिनी, त्या काळच्या हिशोबानं सुमारे ३० लाखांच्या, त्यांनी या कामाला काढून ठेवल्या. व्हाइसरॉय कर्झन बोटीतून उतरला त्याच्या दुसऱ्याच दिवशी, ३१ डिसेंबर १८९८ ला, सगळी योजना त्याच्यापुढं ठेवली, तर साहेबाला शंका, की एवढं शिकायला पोरं येतील का आणि शिकून झाल्यावर त्यांना नोकऱ्या कोण देणार. (नोकरी कोण देणार हा प्रश्न आमच्या गल्लीत आजही विचारतात, त्यासाठी कर्झन लागत नाही.) मग पाहणी, अहवाल, पत्रापत्री. १९०४ मध्ये जमशेटजी जर्मनीत वारले, तेव्हा इथं एक वीटसुद्धा लागलेली नव्हती. त्यांच्या पोरांनी ते पुढं रेटलं, म्हैसूर दरबारानं ३७१ एकर जमीन दिली, २७ मे १९०९ ला सरकारचा हुकूम निघाला आणि १९११ मध्ये पहिले विद्यार्थी आले. बोटीवरच्या गप्पांपासून धरलं तर १८ वर्षं. आणि ज्याचे पैसे, ज्याची कल्पना, त्यानं सांगून ठेवलेलं की माझं नाव लावू नका, देशाची संस्था आहे, बाकीच्यांनीही तिला हातभार लावावा. गावानं मात्र ऐकलं नाही. शंभर वर्षं होऊन गेली तरी फुलवाली टाटाच म्हणते.

आमच्याकडं वेगळाच घोळ. मनूचं तिथं नक्की झालं तेव्हा ताईच्या शेजारणीनं विचारलं, आयआयटी का? नाही. मग मेडिकल? नाही. मग काय गं, साधं सायन्स? त्या "साधं" वर मनू दोन दिवस धुसफुसत होती. तेव्हा ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ही मुळात संशोधनाची संस्था. आपण कॉलेज म्हणतो तशी बारावीनंतरची पोरं इथं आली ती २०११ पासून, चार वर्षांच्या डिग्रीला. त्याआधी शंभर वर्षं इथं माणूस यायचा तो बीएस्सी किंवा इंजिनिअरिंग करूनच. आजही जोर एमटेक आणि पीएचडीवरच. सायन्स आणि इंजिनिअरिंग एकाच आवारात, एरोस्पेसवाला आणि बेडकांचा अभ्यास करणारा एकाच मेसमध्ये जेवतात. आत शिरायला गेट नाहीतर नेट वगैरे परीक्षा लागते आणि मग इंटरव्ह्यू. आणि नेटची जेआरएफ, म्हणजे ज्युनिअर रिसर्च फेलोशिप, मिळाली तर महिना ३७ हजार फेलोशिप, शिकण्याबद्दल! हे ऐकल्यावर शेजारीण जरा नरमली.

इंटरव्ह्यूचं मनूनं सांगितलेलं मला लई आवडलं. तिला आधी विचारलं, तुझा आवडता विषय कुठला. ही म्हणाली एन्झाइम. मग सुरू. एन्झाइम काय करतं, कसं करतं, तू म्हणतेस ते कशावरनं, मोजणार कसं, ते यंत्र कशावर चालतं, तो प्रकाश कुठनं आला. असं करत करत अर्ध्या तासानं ही अशा जागी पोचली की पुढचं येईना. "मला माहीत नाही" म्हणाली. समोरचे म्हणाले, बरं, माहीत करून घ्यायचं असेल तर काय करशील? आणि मग खरा इंटरव्ह्यू तिथनं सुरू झाला. मी आमच्या साखर कारखान्यात लॅब केमिस्ट म्हणून ३१ गाळप हंगाम काढले, तिथं मला माहीत नाही म्हणायची सोयच नव्हती. रिकव्हरी, म्हणजे उसातनं निघणारी साखर, का पडली म्हटलं की काहीतरी उत्तर द्यायचं, ऊस शिळा होता म्हणायचं, पाऊस म्हणायचं, काहीही.

मेन गेटमधनं आत गेलं की गावाचा आवाज एकदम कमी होतो. झाडं म्हणजे किती असावीत. रस्त्यांना माणसांची नावं नाहीत, झाडांची आहेत, गुलमोहर मार्ग, महोगनी मार्ग, सिल्व्हर ओक मार्ग. आपल्याकडं चार घरांच्या बोळालासुद्धा कुणाचं तरी नाव असतं आणि त्या नावावरनं भांडण असतं, इथं एवढी मोठी माणसं होऊन गेली आणि रस्ता ताडाचा. ही झाडं मुळात नव्हती म्हणे, माळरान होतं, सगळी माणसांनी लावलेली. त्या झाडांत स्लेंडर लोरिस राहतो, माकडाचा लांबचा भाऊबंद, मुठीएवढा, डोळे बशीएवढे, रात्रीच हिंडतो. मला अर्थातच दिसला नाही, सकाळचे साडेसात वाजले होते.

आणि मग ती मेन बिल्डिंग. फोटोत बघितलेली होती, तरी करड्या दगडाचा तो उंच मनोरा झाडांमधनं अचानक समोर आला की आपण चालता चालता थांबतोच. समोर जमशेटजींचा पुतळा. भुरभुर पाऊस होता. मनूची रजिस्ट्रेशनची लाइन मोठी होती, सगळी पोरं पोरी हातात फायली धरून, आणि मनूच्या हातात माझी जुनी चेनवाली रेक्झिनची फाइल, सर्टिफिकेटं ठेवायला मीच दिलेली, ३५-४० वर्षांपूर्वीची असेल पण चेन अजून चालते.

"मामा, तू जरा बाहेर फिरून ये ना. आईबाप घेऊन कुणीच आलेलं नाही इथं."

मी काय आईबाप नव्हतो, पण मुद्दा कळला. गेलो आणि पुतळ्याजवळ एका कट्ट्यावर बसलो, आणि मला कमला भागवत आठवल्या. म्हणजे त्या आठवाव्यात म्हणूनच मी तिथं बसलो असेन.

दुर्गाबाई भागवत आपल्याला माहीत असतात. त्यांची धाकटी बहीण कमला, पुढं सोहोनी झाल्या. वडील नारायणराव आणि काका माधवराव, दोघंही याच संस्थेत सुरुवातीच्या काळात शिकून केमिस्ट झालेले, म्हणजे पोरगी लहानपणापासून टाटा इन्स्टिट्यूट, टाटा इन्स्टिट्यूट ऐकत वाढलेली. मुंबई विद्यापीठात बीएस्सीला पहिली आली. १९३३ साली इथं अर्ज केला. तेव्हा डायरेक्टर सी. व्ही. रामन, नोबेल मिळून तीन वर्षं झालेली, या खुर्चीवरचे पहिले भारतीय. अर्ज नामंजूर. कारण काय, तर मुलगी आहे. दुसरं कारण नव्हतंच.

इथपर्यंत गोष्ट नेहमीची आहे. अशा हजारो पोरींना नाही म्हटलं गेलं आणि त्या घरी राहिल्या. ही घरी राहिली नाही. बापाला घेऊन बंगळुरूला आली, रामन यांच्या ऑफिसात गेली आणि कारण विचारलं, आणि कारण पटत नाही म्हटल्यावर हटेना, सत्याग्रहच म्हणाली. वय काय, २१-२२. शेवटी रामन कबूल झाले, पण अटी घालून. पहिलं वर्ष रेग्युलर विद्यार्थिनी म्हणून धरणार नाही. गाइड सांगतील तेव्हा रात्रीसुद्धा काम करावं लागेल. आणि तिच्या असण्यानं लॅबमधल्या मुलांचं लक्ष विचलित होता कामा नये. म्हणजे लक्ष त्यांचं, जबाबदारी हिची! तिनं मान्य केलं. त्याचा राग तिला जन्मभर होता, म्हातारपणी जाहीर सभेत सांगितलं की रामन थोर शास्त्रज्ञ खरे पण मनानं कोते. पण तेव्हा मान्य केलं, कारण आधी आत शिरायचं होतं. श्रीनिवासय्या म्हणून गाइड होते, कडक पण सरळ माणूस, त्यांच्या हाताखाली दूध आणि डाळींमधल्या प्रोटीनवर काम केलं, १९३६ मध्ये एमएस्सी, डिस्टिंक्शन. वर्षभरातच रामन यांना कळून चुकलं होतं आणि मुलींना दार उघडलं. पुढं बाई केंब्रिजला गेल्या, बटाट्यावर काम करताना वनस्पतींच्या पेशींमध्ये सायटोक्रोम सी, म्हणजे पेशीच्या श्वसनाला लागणारं एक प्रोटीन, आहे हे दाखवलं, ४० पानांचा थीसिस लिहिला आणि १९३९ मध्ये पीएचडी घेतली. ४० पानं! आजकाल तेवढी नुसती आभाराची असतात.

मला त्यांचं नंतरचं काम जास्त जवळचं, नीरेवरचं. भारतात परत आल्यावर मुंबईत असताना त्यांनी ते केलं, राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या सुचवण्यावरून. नीरा म्हणजे माडाचा, शिंदीचा ताजा रस. सूर्य वर आला आणि नीट ठेवली नाही की आंबते, ताडी होते. आता आमचा ऊस घ्या, तोडल्यावर जितका वेळ गाडीत उभा राहील तितकी त्यातली साखर उतरते, रस काढून ठेवला तर बघता बघता आंबूस वास येतो. पोल आणि ब्रिक्स, म्हणजे रसातली साखर आणि एकूण विरघळलेला माल, काढायला उशीर झाला की आकडा खोटा येतो. मी ३१ वर्षं त्या रसाकडं नुसता आकडा म्हणून बघितलं, सँपल आलं, रीडिंग घेतलं, रजिस्टरात लिहिलं, बेसिनात ओतलं. बाईंनी तसल्याच रसाकडं बघून विचारलं की यात जीवनसत्त्वं किती, लोह किती, आणि हे कुपोषित आदिवासी मुलांना, गरोदर बायांना दिलं तर त्यांना फरक पडतो का. पडतो, हे दाखवलं. राष्ट्रपतींचं पारितोषिक मिळालं त्यांना. मी आपला बेसिनात ओतत होतो.

आता माझं सांगतो, कट्ट्यावर बसून दुसरं काय करणार. बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला असताना एका सरांनी वर्गात इथलं वर्णन केलेलं. मी पोस्टानं माहितीपत्रक मागवलं. आलं. दहा-बारा दिवस उशाशी घेऊन झोपलो. त्याला अर्ज जोडलेला होता. इंटिग्रेटेड वगैरे शब्द मला पहिल्यांदा त्यातच भेटले. आणि मी काय केलं, तर काही नाही केलं. कुणी अडवलं नाही, घरची परिस्थिती आड आली म्हणावं तर तसंही नाही, फेलोशिप होती. आपल्याला कुठं घेतात, एवढंच. कारखान्यात जागा निघाली, चिकटलो. आजतागायत घरात सांगत आलो की तेव्हा आमच्या वेळी तिकडं जाणं सोपं नव्हतं. सोपं नव्हतंच, पण माझ्या बाबतीत ते कुणी तपासलं नाही. मीही नाही.

पाऊस थांबला तसा उठून हिंडलो. बाहेरनंच नावं वाचत. या आवारातून काय काय उगवलंय ते ओळीत लिहिलं तर शाळेतला निबंध होईल, म्हणून दोन-चारच. होमी भाभा १९३९ च्या लढाईत इकडं अडकले, केंब्रिजला परत जाता आलं नाही म्हणून इथं कॉस्मिक किरणांवर काम सुरू केलं, आणि आपली मुंबईची टीआयएफआर, म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्था, १९४५ मध्ये इथंच जन्मली, मग मुंबईला गेली. सतीश धवन १९६२ ते १९८१ डायरेक्टर. विक्रम साराभाई गेल्यावर इंदिराबाईंनी त्यांना इस्रो सांभाळा म्हटलं, तर यांनी अट घातली की मी इन्स्टिट्यूट सोडणार नाही, त्यामुळं इस्रोचं मुख्यालय बंगळुरूत आलं. आपल्या पुण्याच्या माधव गाडगीळांनी १९८३ मध्ये इथं पर्यावरणाचं केंद्र उभं केलं आणि तिथनं सह्याद्री पायाखाली घातला. आणि सगळ्यात घरगुती म्हणजे मैसूर सँडल साबण. पहिल्या महायुद्धात चंदनाचं लाकूड युरोपला जाईना, ढीग पडून राहिले, तेव्हा तेल इथंच काढायचं ठरलं आणि ते काढायचं तंत्र इथल्या केमिस्ट्रीच्या गोऱ्या प्राध्यापकांनी बसवून दिलं. १९१६ ला तेलाचा कारखाना, त्याच्यामागनं साबण. बायकोनं येताना सहा वड्या आणायला सांगितल्या होत्या, मी म्हटलं बघ, तू आंघोळीला संशोधन वापरतेस.

पोरींचं म्हणाल तर दार उघडलं म्हणजे सगळं झालं असंही नाही. अ‍ॅना मणी १९४० मध्ये रामन यांच्याच लॅबला आल्या, हिरे आणि माणकांच्या वर्णपटावर काम करून थीसिस लिहिला आणि एमएस्सी नाही या कारणावरून त्यांना पीएचडी दिली गेली नाही. त्या पुढं पुण्याच्या वेधशाळेत आल्या आणि देशाची हवामान मोजायची यंत्रं देशातच बनवायची घडी बसवली. पीएचडी शेवटपर्यंत नाही. सुधा मूर्तींची टेल्कोच्या (म्हणजे आताच्या टाटा मोटर्सच्या) जाहिरातीची आणि जेआरडींना लिहिलेल्या पोस्टकार्डाची गोष्ट तर तुम्हाला व्हॉट्सअ‍ॅपवर दहादा आली असेल, ते पोस्टकार्ड त्या इथं शिकत असतानाच लिहिलेलं. म्हणजे कमलाबाईंनंतर ४० वर्षांनी परत तेच, महिलांनी अर्ज करू नये. टाटांच्या इन्स्टिट्यूटमध्ये बसून टाटांना पत्र!

दुपारी मनूनं मला लॅब दाखवली. एका सीनियर मुलीला विचारून, पाच मिनिटं, कशाला हात न लावता. मला वाटलेलं काहीतरी अवकाशयान असेल. तर काय, टेबलं, बाटल्या, घुंघुं करणारे फ्रीज, आणि सगळीकडं पांढऱ्या चिकटपट्टीचे तुकडे, त्याच्यावर पेनानं नाव आणि तारीख. बाटलीवर नाव, डब्यावर नाव, पिपेटवर नाव, खुर्चीवर पण एकीनं नाव चिकटवलेलं. हुबेहूब आमची लॅब. आमच्याकडं पण शिफ्टच्या माणसाचं नाव बाटलीवर नसेल तर ती बाटली सकाळी गायब. एका फ्लास्कच्या पट्टीवर नावाखाली लिहिलेलं, "प्लीज, तीन महिने लागलेत." मी तिथंच थोडा वेळ उभा राहिलो. पाच मिनिटं संपली म्हणून मनूनं शर्ट ओढला.

हॉस्टेलच्या दाराशी तिला बादली दिली. ती म्हणाली बादली आहे रे इथं. मी म्हटलं असू दे, दोन असतात माणसाला. रडणार नाही असं दोघांनी ठरवलेलं होतं, ती नाही रडली.

संध्याकाळी यशवंतपूरला जाताना रिक्षावाल्यानं विचारलं कुठनं आलात, मी म्हटलं टाटा इन्स्टिट्यूट. परतीच्या गाडीत वरचा बर्थ मिळाला. तुमकूरच्या आसपास फोन वाजला.

"मामा, झोपलास का?"

"नाही. जेवलीस?"

"जेवले. रस्सम गोड होतं. मामा, तुझ्या त्या फाइलला मागं एक कप्पा आहे, माहितीये? त्यात इथलाच एक फॉर्म आहे, जुना, पिवळा पडलाय. वर तुझं नाव लिहिलंय, तुझ्या अक्षरात, आडनावापर्यंत. पुढं सगळं कोरंच आहे."

खाली कुणीतरी चहावाल्याला हाक मारत होतं. मी म्हटलं, "हां. पेनातली शाई संपली होती."

"काय?"

"काही नाही. रेंज जातीये. तुझी सर्टिफिकेटं नीट लाव त्यात."